रेवाची कोळ्यांची भीती : फँटसी कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्याच्या नोंदी

८ जानेवारी

पहिला खर्डा हातात आहे. ३१ प्रकरणं, ८६,००० शब्द. तीन जणांना वाचायला दिला होता आणि तिघांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट कळवली: रेवाला कोळ्यांची भीती वाटते हे ते पार विसरून गेले होते. दुसऱ्या प्रकरणात ती एकदा किंचाळते. अठ्ठाविसाव्यात हत्तीएवढ्या कोळ्यासमोर उभी राहते. मधल्या दोनशे पानांत लक्षात राहील असा भीतीचा मागमूस नाही. एकाने अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या समासात लिहिलंय, "हिला ही भीती कधीपासून?" म्हणजे कळसाचा प्रसंग पायाशिवायच उभा केला होता.

कथा थोडक्यात अशी. रेवा एका डोंगरी राज्याच्या पोथीघराची राखणदार आहे. राज्याची हद्द ठरवणारी जुनी सनद तिच्या ताब्यात आहे आणि वेढा पडायच्या आत ती डोंगरापलीकडच्या छावणीत पोचवायची आहे. सोबत भद्रक नावाचा सैनिक आणि दिवे सांभाळणारा एक मुलगा.

असाच स्वभावविशेष घेऊन लिहिणाऱ्या कोणाचे तरी महिने वाचावेत म्हणून या नोंदी ठेवतेय. मला स्वतःला कोळ्यांची भीती वाटत नाही. पुढच्या बऱ्याचशा चुका तिथूनच आल्या.

११ जानेवारी

सगळे प्रसंग एका तक्त्यात उतरवले. ९४ झाले. प्रत्येकासमोर एकच रकाना: भीतीमुळे इथे काय बदललं? दिवसभर बसून चार रकाने भरले आणि त्यातल्या दोनांत नुसतं "किंचाळली" असं लिहावं लागलं. भीती काढून टाकली तरी ९० प्रसंग जसेच्या तसे उभे राहतात. तक्ता भिंतीवर लावलाय.

१९ जानेवारी

पहिली दुरुस्ती चुकीच्या दिशेने केली. भीतीला वजन यावं म्हणून लहानपणीचा प्रसंग लिहिला: अंधारी खोली, अंगावर पडलेला कोळी, बंद दार. नऊ पानं, आठ दिवस. वाचताना बरी वाटली, पण पुढची प्रकरणं त्या पानांमुळे बिघडली. कारण एकदा सांगून टाकलं की वाचणारा भीतीकडे कोडं म्हणून बघतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. शिवाय वाचन केल्यावर कळलं की प्राण्यांची अशी तीव्र भीती बहुतेकदा लहानपणीच सुरू होते, पण ती कुठल्या एका घटनेपासून सुरू झाली हे खूप जणांना सांगताच येत नाही. घटना असायलाच हवी हा माझा हट्ट होता.

नऊ पानं काढली. त्यांच्या जागी एक वाक्य ठेवलं: "कधीपासून, असं कोणी विचारलं तर रेवाला सांगता येत नसे, आणि सांगता येत नाही याचीच तिला जास्त लाज वाटे."

२ फेब्रुवारी

हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. एका मैत्रिणीला ही भीती आहे. तिच्याशी दोन तास बोलले. तिची हरकत नसल्याने तिच्या म्हणण्यातलं जे रेवाच्या उपयोगाचं आहे ते इथे टिपून ठेवते.

तिला चावण्याची भीती वाटत नाही. भीती हालचालीची आहे. तो कधी पळेल आणि कुठल्या बाजूला, हे कळत नाही याची. भिंतीवर बसलेला कोळी नजरेसमोर असेपर्यंत ती त्या खोलीत कशीबशी बसू शकते; नजर हटली आणि तो दिसेनासा झाला की ती खोली तिच्यापुरती संपली. कुठल्याही नव्या जागी गेली की तिचे डोळे आधी छताच्या कोपऱ्यांकडे जातात, माणसांकडे नंतर. कोणी कोळी बाहेर टाकला तर तो खरंच टाकला का, हे ती दोनदा विचारते. ज्या कपड्यावरून तो चालला तो कपडा धुतल्याशिवाय तिच्याने घालवत नाही, कारण भीतीइतकीच किळसही असते. कोणी समजुतीने "अगं, तो काही करत नाही" म्हणालं की तिला आणखी वाईट वाटतं. ती म्हणाली, "मला माहितीये तो काही करत नाही. माहीत असून उपयोग होत नाही, हीच तर अडचण आहे."

माझ्या दुसऱ्या प्रकरणात यातलं काहीही नव्हतं. तिथे कोळी समोर येत होता, रेवा किंचाळत होती आणि पुढच्याच परिच्छेदात जेवायला बसत होती.

८ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण नव्याने लिहिलं. आता त्यात कोळीच नाही. रेवा मुक्कामाच्या खोलीत शिरते, दिवा उचलून चारही कोपरे बघते, खाट भिंतीपासून हातभर ओढते, पांघरूण दारात नेऊन झटकते, पायताण उलटं करून आपटते. कशासाठी ते सांगितलेलं नाही. हेच चौथ्या प्रकरणात पुन्हा येतं, थोडक्यात. सातव्यात घाईमुळे तिला खाट ओढता येत नाही आणि ती रात्रभर बसून काढते. इथे वाचणाऱ्याला उलगडावं असा बेत आहे.

एक गोष्ट हातून निसटत होती: ही सगळी कामं ती बेमालूम करते. वर्षानुवर्षं लपवत आलेल्या माणसाचं लपवणं सफाईचं असतं. आधीच्या लिखाणात ती थरथरत कोपरे तपासत होती. थरथर काढली आणि प्रसंग सुधारला.

११ फेब्रुवारी

तेराव्या प्रकरणात रेवा कोळी बघून बेशुद्ध पडत होती. हे चुकलं होतं. रक्त किंवा जखम बघून येणाऱ्या भीतीत रक्तदाब खाली येतो आणि माणूस कोसळू शकतो. प्राण्यांच्या भीतीत बहुधा उलट होतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, अंग पळायला तयार होतं किंवा जागीच ताठरतं. बेशुद्धी काढली. आता ती जिन्यात थिजते, मागच्यांची वाट अडते आणि कठड्यावरून हात सोडवत नाही. कथेच्याही दृष्टीने हे बरं झालं: बेशुद्ध माणसाला उचलून नेता येतं, थिजलेल्याला नाही.

२७ फेब्रुवारी

दोन आठवडे वाया गेले, पण कादंबरी इथेच सावरली.

अठ्ठाविसाव्या प्रकरणातला महाकाय कोळी पटण्यासारखा करायचा म्हणून चार दिवस त्याच्या शरीराचं गणित मांडत बसले. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पायांची जाडी मात्र छेदात चौपटच वाढते. एवढं धूड त्या पायांवर पेलणार नाही, त्याच्या श्वसनाची सोयही पुरणार नाही. मग जादूचा आधार घेतला, जादूचे नियम लिहिले, ते दुसऱ्या प्रकरणांशी जुळेनात म्हणून बदलले. इतकं करून प्रसंग वाचला तर तो तितकाच पोकळ.

चूक कोळ्याच्या आकारात होती, पण शरीरशास्त्राची नव्हती. हत्तीएवढा कोळी समोर आला तर भद्रकही घाबरणार, मुलगाही घाबरणार, सगळी फौज घाबरणार. तिथे रेवाची भीती वेगळी उरतच नाही. ज्या प्रसंगासाठी हा स्वभाव तिला दिला, त्याच प्रसंगात तो चारचौघांसारखा होऊन जातो. तिची भीती दिसते ती इतरांना जिथे काहीच दिसत नाही तिथे. दाराच्या चौकटीवर नखाएवढा कोळी बसलाय, बाकीचे बोलत बोलत आत जातात आणि ती बाहेरच उभी राहते. फँटसीत लिहिताना ही चूक सहज होते, कारण राक्षसी कोळी हाताशीच असतो आणि भीतीला शोभेलसा वाटतो.

महाकाय कोळी काढला. अठ्ठाविसावं प्रकरण जवळजवळ पूर्ण गेलं, त्याच्या तयारीची दोन प्रकरणंही. एकूण ७,४०० शब्द.

६ मार्च

कोळी छोटे झाल्यावर ते कादंबरीत कशासाठी आहेत हे नव्याने ठरवावं लागलं. पहिल्या खर्ड्यात ते दुष्ट शक्तीचे सेवक होते. त्याने भीतीला आयतं समर्थन मिळत होतं: रेवा बरोबरच घाबरत होती. तेही काढलं.

आता पोथीघरात कोळी मुद्दाम राहू दिलेले आहेत. पोथ्यांना कसर लागते, कोळी ती कसर खातात, म्हणून तळघरातली जळमटं काढायची नाहीत असा पोथीघराचा जुना नियम. रेवा जे जपते ते तिला ज्याची भीती वाटते तोच जपतोय. खालच्या तळघराच्या फेऱ्या ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांवर ढकलत आली आहे, त्यांच्या बदल्यात त्यांची रात्रपाळी स्वतः घेत आली आहे. लोक तिला कष्टाळू समजतात. यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि ते एका दमात आलं.

१० मार्च

भाषेची सफाई. आधी मोजणी केली: "अंगावर काटा" २३ वेळा, "घशाला कोरड" ११, "हातपाय गळाले" ९, "बोबडी वळली" ६, "पाचावर धारण" ४. हे वाक्प्रचार आपापल्या जागी खणखणीत आहेत, पण कुठल्याही भीतीला चालतात. वाघ असो, भूत असो की सावकार, काटा तोच. प्रत्येक ठिकाणी विचारलं, या क्षणी रेवा काय करते? हात अंगाजवळ घेते. भिंतीला टेकलेली पाठ सोडवते. मानेवर केस हलला की तो हाताने तपासून बघते. "काटा" तीन ठिकाणी ठेवला, तिन्ही दुसऱ्या पात्रांच्या तोंडी.

मग शब्दाचाच प्रश्न. मराठीत "कोळी" म्हटलं की होडीतला माणूसही डोळ्यांपुढे येतो. पुल्लिंगी असेपर्यंत संदर्भाने निभावतं. पण जाळं विणून बसलेली, अंड्यांची पिशवी सांभाळणारी मादी लिहायची झाली की पंचाईत. "कोळीण" लिहिलं तर मासळीची पाटी आठवते, "कोष्टीण" लिहिलं तर हातमाग. "मादी कोळी" हे शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. तीन दिवस अडले. शेवटी रेवाच्या बोलीतूनच तोडगा काढला. ती तो शब्द उच्चारतच नाही, "ते" म्हणते. "तिथे 'ते' आहे का बघ." पोथीघरातले बाकीचे लोक "विणकरीण" म्हणतात, आदराने. दोन शब्दांमुळे दोन नाती तयार झाली आणि पान १४० वर रेवा पहिल्यांदा "विणकरीण" म्हणते ते न सांगता लक्षात येतं.

१६ मार्च

तपशिलाच्या चुका, झटपट:

पोथीघराचा विद्वान कोळ्याला "कीटक" म्हणत होता. आठ पाय, शरीराचे दोन भाग. तो कीटक नाही. रेवा रागाने "किडा" म्हणाली तर चालेल, विद्वानाने म्हणून चालणार नाही. गोल जाळ्याचा प्रत्येक धागा मी चिकट लिहिला होता. मधून बाहेर जाणारे आरे चिकट नसतात, त्यांच्यावर फिरवलेला वेढा चिकट असतो. जाळ्यातला कोळी रेवाकडे "रोखून बघत" होता. गोल जाळं विणणाऱ्यांची नजर अधू असते, त्यांना कळतं ते धाग्यांच्या कंपनांवरून. हे वाक्य बदलताना एक चांगली गोष्ट हाती लागली: रेवाला वाटतं तो आपल्याकडे बघतोय, म्हातारी राखणदार सांगते की त्याला तू दिसतही नाहीस, आणि रेवाला त्याने जरासुद्धा हायसं वाटत नाही. कंदिलाच्या उजेडात चमकणारे डोळे जाळ्यावरून काढून जमिनीवर शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्याला दिले, त्याचे खरंच ठळक चमकतात.

मेलेल्या कोळ्याचे पाय पसरलेले लिहिले होते. ते आत मुडपतात. पाय आत ओढायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे ताणून पाय लांब करायचं काम आतल्या द्रवाच्या दाबावर चालतं. जीव गेला की दाब जातो. रेवाला हे ठाऊक आहे. मुडपलेले पाय दिसले तरच ती जवळून जाते. भिणाऱ्याचा अभ्यास कित्येकदा न भिणाऱ्यापेक्षा पक्का असतो, हे मैत्रिणीशी बोलताना जाणवलं होतं.

२९ मार्च

तक्त्यातले भरलेले रकाने आता ३७. पण कथेचा काटा अजून भीतीने हलत नव्हता. भीती सगळीकडे दिसत होती, तिची किंमत मात्र कोणीच मोजत नव्हतं.

डोंगरापलीकडे जायच्या दोन वाटा आहेत: भुयार आणि खिंड. भुयाराने अर्धा दिवस वाचतो. पहिल्या खर्ड्यात भुयार कोसळलेलं होतं, माझ्या सोयीसाठी. आता ते उघडं आहे आणि जळमटांनी भरलंय. पाहणी करायला रेवा एकटी पुढे जाते, तोंडाशी थांबते, परत येते आणि सांगते, "भुयारात पाणी भरलंय. खिंडीतूनच जावं लागेल."

ते वाक्य लिहून उठले आणि बराच वेळ पुन्हा बसले नाही. तीन महिने जे शोधत होते ते हे होतं. तिच्यावर विश्वास आहे म्हणून कोणी खात्री करत नाही. खिंडीत दरड येते, भद्रकचा पाय जातो, सनद उशिरा पोचते. बाविसाव्या प्रकरणात त्या मुलाला भुयाराची कोरडी जमीन सापडते. रेवाने काहीही दुष्टपणे केलेलं नाही, तरी भद्रकचा पाय तिच्या खोट्याने गेला आहे. भीती भित्रेपणाची खूण नाही हे मला दाखवायचं होतं, आणि त्याच वेळी तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते हेही लपवायचं नव्हतं.

यामुळे १४ ते २५ प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. त्यात सहा आठवडे गेले, हे नंतर जोडतेय. एकाचीही खंत नाही.

१४ एप्रिल

मधेच एक छोटी नोंद. वाचणाऱ्या मित्राने विसंगती म्हणून खूण केली: सहाव्या प्रकरणातला कोळी तळहाताएवढा आहे, आठव्यात भद्रक त्यालाच अंगठ्याच्या नखाएवढा म्हणतो. खूण बरोबर आहे, तरी दुरुस्ती केली नाही. सहावं रेवाच्या नजरेतून आहे. ज्यांना भीती जास्त त्यांना कोळी प्रत्यक्षाहून मोठा भासतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं आहे. भद्रकच्या तोंडी फक्त एक शब्द वाढवला, "एवढासाच", म्हणजे ही नजरेची तफावत आहे हे कळेल.

याच भद्रकची सहाव्या प्रकरणातली थट्टाही काढली. तो रेवाला चिडवत होता आणि वाचणाऱ्याने हसावं अशी माझी अपेक्षा होती. मैत्रिणीला ते पान दाखवायची माझी हिंमत होईना, तेव्हाच ठरवलं.

१२ मे

शेवट. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला भाग, पाच खर्डे.

मूळ शेवटात रेवा कोळ्याला मारते आणि भीती संपते. मैत्रिणीने तो वाचून पान उलटं ठेवलं, एवढंच केलं. दुसऱ्यात तिला भुयारात ढकललं जात होतं आणि बाहेर येईपर्यंत ती बरी होत होती. हेही खोटं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऊस्ट यांनी १९८९ मध्ये एका बैठकीची उपचारपद्धत मांडली, तिला फार तर तीन तास लागतात, म्हणजे वेग अशक्य नाही. पण तिथे प्रत्येक पायरी आधी सांगून, माणसाच्या संमतीने घेतली जाते. अचानक काहीही केलं जात नाही. ढकलून देण्याच्या नेमकं उलट.

म्हणून तिसऱ्या खर्ड्यात म्हातारी राखणदार रेवाला पेला आणि पुठ्ठ्याने कोळी धरायला शिकवते. आधी दारातून बघायचं, मग खोलीत बसायचं, मग पेला पालथा घालायचा. सहा पानं पायऱ्याच पायऱ्या, रुक्ष. चौथ्यात ती दीड पानांवर आणली आणि फक्त एकच क्षण सविस्तर ठेवला: पेल्याच्या आत तो हलतो, रेवाचा हात पेल्यावर आहे, आणि ती हात काढत नाही.

पाचव्यात भुयार. भद्रकला परत आणायचं तर खिंडीतून डोली जाणार नाही, भुयारच उरतं. रेवा त्या मुलाला अट घालते: "पुढे तू चाल. दिसलं की सांग, कुठे आहे ते नीट सांग. मला बरं वाटावं म्हणून एकदाही खोटं बोलू नकोस." खोटं बोललेली बाई ही अट घालते आहे हे मुलाला ठाऊक आहे. तो सबंध भुयारभर सांगत जातो: डावीकडे, वर, दोन आहेत, एक हललं. सबंध प्रकरण बहुतेक त्याच्या आवाजावर चालतं. रेवाची भीती शेवटपर्यंत कमी होत नाही. ती चालते.

३ जून

एकतिसावं प्रकरण अर्ध्यावर आणलं. छावणीत, नव्या खोलीत, रेवा दिवा घेऊन कोपरे बघते. एका जागी कमी झालेली भीती दुसऱ्या जागी पुन्हा डोकं वर काढू शकते, त्यामुळे हे असंच राहू दिलं. फरक एवढाच की या वेळी दार उघडं आहे, भद्रक कुबडीवर टेकून बघतोय, आणि ती त्याच्यापासून लपवत नाही. आधी इथे त्याने क्षमा केल्याचे चार संवाद होते. ते काढले. तो आत येतो आणि खाटेचं दुसरं टोक धरतो.

१७ जून

आता ३३ प्रकरणं, ९१,००० शब्द. तक्त्यात ९८ प्रसंग, भरलेले रकाने ६१. सगळे भरायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. रेवाला इतरही आयुष्य आहे.

मैत्रिणीने पूर्ण हस्तलिखित वाचलं. भुयाराच्या प्रकरणात ती दोनदा थांबली आणि दुसऱ्या दिवशी पुढे गेली. तिच्या सांगण्यावरून दोन गोष्टी केल्या. पुस्तकाच्या सुरुवातीला कोळ्यांची सविस्तर वर्णनं आहेत अशी एक ओळ घातली. आणि पान २६२ वर "एक अचानक तिच्या खांद्यावर उतरला" असं होतं. ती म्हणाली, मुलगा इतका वेळ सांगत आलाय, मग हे त्याने कसं सांगितलं नाही? तिचं बरोबर होतं. मी दचकवण्यासाठी अट मोडली होती. आता मुलगा म्हणतो, "थांब. तुझ्या खांद्यावर आहे. डाव्या. मी काढतो." आणि रेवा थांबते.